सालदाराचं साल आणि जिभेवरचा कागद

पत्र:

ताई, नमस्कार. शहादा तालुक्यातून लिहितो, नाव छापू नका. १७ एकर बागायत आहे, ऊस आणि पपई. पोरगा २६ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. होळीला घरी आला तो वेगळाच होऊन आला. आमच्याकडे बारा वर्षांपासून एक सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) आहे, पावरा आदिवासी समाजाचा. तो ओट्याखाली बसतो, त्याचा चहाचा कप वेगळा. पोराने त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि घरातल्या कपात चहा दिला. तो बिचारा घामाघूम झाला. रात्री पोरगा मला म्हणतो, बाबा, या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल, म्हणजे वर्षाची मजुरी, ठरवाल तेव्हा ९० हजारांचे सव्वा लाख करा, महिन्याला चार सुट्ट्या द्या. हे कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर सरळ सांगितलं, वर्षभरात तीनदा एलएसडी घेतलं. जिभेवर कागदाचा तुकडा ठेवतात म्हणे. पहिल्याच वेळी ‘सगळी माणसं एकच आहेत’ हे डोळ्यांनी दिसलं. दोन वर्षांपूर्वी हाच पोरगा आरक्षणावरून घर डोक्यावर घ्यायचा. त्याच रात्री तेच घेतलेला त्याचा मित्र मात्र मोबाइलवरच्या कुठल्या बाबाच्या नादी लागला, तो म्हणतो गरिबी ज्याच्या त्याच्या कर्माची. पोरगा मला म्हणतो, तुम्हीपण एकदा घ्या, मग कळेल. बायको रडते. तिच्या सख्ख्या भावाला तरुणपणी वेडाचे झटके आले होते, धुळ्याला उपचार केले होते. नशेने माणसाची मतं बदलतात का? हे विचार माझ्या पोराचे की त्या कागदाचे? आणि मी साल वाढवलं तर नशेपुढे वाकलो असं होईल का?

उत्तर:

भाऊ,

तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट वहिनींच्या रडण्याबरोबर एका ओळीत उरकलीत. सख्ख्या मामाला वेडाचे झटके. आधी तेच बोलू, बाकीचं मग.

एलएसडी किंवा काही मशरूममध्ये सापडणारं सायलोसायबिन हे भास घडवणारे पदार्थ दारूसारखी रोजची तलफ सहसा लावत नाहीत. तुमचा पोरगा हे तुम्हाला सांगेल आणि ते खरं आहे. पण रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असा मोठा मानसिक आजार असेल, तर निजलेला आजार अशा पदार्थाने जागा होण्याची भीती असते. परदेशात डॉक्टरांच्या देखरेखीखाली यावर प्रयोग चालतात. तिथे घराण्यात असा आजार आहे का हे आधी विचारतात आणि असेल तर त्या माणसाला सहसा प्रयोगात घेतच नाहीत. पुण्याच्या मित्रमंडळात हे कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तीनदा काही झालं नाही, ही चौथ्या वेळची हमी नव्हे. मामाला नेमकं काय झालं होतं, कोणत्या गोळ्या होत्या, धुळ्याची जुनी फाइल घरात कुठे पडली आहे का, हे वहिनींनी माहेरी विचारावं. ती फाइल घेऊन पोराने एकदा मनोविकारतज्ज्ञाला भेटावं.

आणि फोनवर बोलताना कान उघडे ठेवा. लागोपाठ दोन-तीन रात्री झोप नाही, लोक माझ्याबद्दलच बोलतात, मला खास कामासाठी निवडलंय, असं काही बोलायला लागला तर ‘विचार बदललेत’ म्हणून बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली एलएसडी बाळगणं गुन्हा आहे. ०.१ ग्रॅम म्हणजे व्यापारी मात्रा, तिला शिक्षा किमान १० वर्षं. पोरं म्हणतात की कागदावर औषध कितीसं असतं! पण २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कागदाचं वजनही मात्रेत धरायचं असं म्हटलं. मग मोजके तुकडेसुद्धा फार जड होतात. त्यातून एलएसडीच्या नावाखाली एनबोम नावाचं भलतंच रसायन लावलेले कागद विकले जातात आणि त्याने माणसं मेली आहेत. हे एवढं त्याला सांगा, ओरडून नको. त्याने तुमच्यापासून लपवलं नाही, ही या सगळ्यातली तुमची मोठी जमा आहे. ती ओरडण्यात घालवू नका.

तुम्ही स्वतः घ्यायचं का? नाही.

आता मतांकडे येऊ. १९४३ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने स्वतः बनवलेलं एलएसडी जाणूनबुजून घेतलं. २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण खसखशीच्या एका दाण्याएवढं वजन. तेवढ्याने त्याला सायकलवरून घरी पोचणं मुश्किल झालं. हा पदार्थ मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन जिथे चिकटतं, त्यातल्या एका प्रकारच्या जागांना (ग्राहींना) जाऊन चिकटतो. पुढचं अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण रॉबिन कार्हार्ट-हॅरिस आणि कार्ल फ्रिस्टन या मेंदूच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये मांडलेली कल्पना मला पटते. जगाबद्दल आपण ज्या समजुती घट्ट धरून बसलेलो असतो, त्यांची पकड काही तास सैल होते, असं ते म्हणतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर उन्हाळ्यात खोल नांगरलेलं रान. ढेकळं फुटली, माती उघडी झाली. पण नांगर काही पेरत नाही. त्या रानात पपईही लागेल आणि कुंदा तणही माजेल. एकाच रात्री एकाच कागदाने तुमच्या पोराला सालदार माणूस दिसला आणि त्याच्या मित्राला गरिबाचं कर्म दिसलं. प्रयोगशाळा काय सांगेल, त्याहून स्पष्ट तुमच्याच पत्रात आहे.

तरी प्रयोगशाळा काय म्हणते तेही सांगते, कारण पोरगा इंटरनेटवरून वाचून तेच तुमच्यापुढे ठेवेल. २०१७ मध्ये एक ऑनलाइन पाहणी झाली. असे पदार्थ घेणारे लोक जास्त मोकळ्या, उदार मतांचे आणि निसर्गाकडे ओढ असलेले दिसले. पण मुळात असे पदार्थ घ्यायला कोण जातं? आधीपासूनच चौकटीबाहेर वागणारा. ठिबकवाल्याचा ऊस चांगला येतो हे खरं, पण ज्याच्याकडे विहिरीला पाणी आणि खिशात पैसा तोच ठिबक करतो, हेही खरं. मग श्रेय नळीला किती द्यायचं? २०१८ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी नैराश्याच्या रुग्णांवर एक छोटा अभ्यास छापला. सायलोसायबिन दिल्यानंतर त्यांच्यातला ‘हुकूमशाही पसंत करण्याचा’ कल कमी झालेला दिसला. बातम्या फार झाल्या. औषध मिळालेले रुग्ण किती होते? सात. सात माणसांवरून मी जिल्हा परिषदेचाही निकाल सांगणार नाही.

इतिहास पाहिला तर हे औषध कोणत्याच पक्षाचं दिसत नाही. अमेरिकेत साठच्या दशकात शांततेचे मोर्चे काढणाऱ्या पोरांच्या खिशात ते होतं. त्याच्याही आधी, १९५३ पासून, तिथली गुप्तहेर संस्था सीआयए ‘एमके-अल्ट्रा’ नावाखाली ते लोकांना नकळत पाजून मन ताब्यात घेता येतं का ते बघत होती. चार्ल्स मॅन्सन या अमेरिकन म्होरक्याने आपल्या टोळीला एलएसडीवर ठेवलं, आणि १९६९ मध्ये त्या टोळीने खून केले. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथातही दीक्षेच्या वेळी एलएसडी द्यायचे. हॉफमनने ज्याच्याबरोबर बसून ते घेतलं तो अर्न्स्ट युंगर हा युद्धाचं गौरवगान केलेला, चांगलाच उजवा जर्मन लेखक होता. आणि हार्वर्ड विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी? त्याने १९६१ ते ६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका तुरुंगात कैद्यांना सायलोसायबिन दिलं आणि सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळतात असा डंका पिटला. पस्तीसेक वर्षांनी रिक डॉब्लिन या संशोधकाने जुनी दप्तरं काढून तपासली तर तसं काही निघालं नाही. हा डॉब्लिन अशा औषधांच्या बाजूनेच आयुष्यभर लढलेला माणूस आहे, म्हणून त्याचं म्हणणं मी जास्त धरते.

यात दोन गोष्टी जपायच्या. एक म्हणजे खात्री. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की अशा अनुभवात माणसाला नुसतं वाटत नाही, त्याला ‘कळलं’ असं होतं. म्हणून तुमच्या पोराशी वाद घालून उपयोग होत नसेल. त्याच्या दृष्टीने हे मत नाहीच, त्याने पाहिलंय ते. मित्रानेही पाहिलंय. दुसरी म्हणजे त्या अवस्थेत माणूस दुसऱ्याचं सांगणं सहज उचलतो. लंडनच्याच एका गटाने २०१५ मध्ये निरोगी लोकांवर हे मोजून पाहिलं. म्हणजे त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत शेजारी कोण बसलंय, कानात कोणाचा आवाज जातोय, याला फार मोल आहे. मित्राच्या कानात तो बाबा गेला. तुमच्या पोराच्या कानात काय गेलं असेल?

मला वाटतं, तुमचा ओटा गेला. बारा वर्षं तो सालदार तुमच्याकडे आहे, म्हणजे पोरगा १४ वर्षांचा होता तेव्हापासून. तो वेगळा कप त्याने शाळेच्या वयात रोज पाहिलाय, कदाचित सुट्टीत त्याच माणसाच्या मागे मागे उसात हिंडलाय. कागदात ना सालदार होता, ना कप. ते तुमच्याच घरातून पोराबरोबर पुण्याला गेलेलं होतं. त्याला एकदा विचारा, तुला पहिल्यांदा हे कधी खटकलं? मला वाटतं तो एलएसडीच्या आधीची एखादी तारीख सांगेल.

आपल्या भागाला हे काही नवीन नाही, भाऊ. तुमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, सुरत जिल्ह्याच्या आदिवासी गावांत १९२२ च्या नोव्हेंबरात देवी आली. मांडव घालून लोक बसायचे, कोणाच्या तरी अंगात यायचं, मान हलायला लागायची आणि देवी बोलायची. काय बोलायची? दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्या सावकाराच्या कामाला जाऊ नका. दारूवर पोट भरणारे हादरले. पुढे त्याच देवीच्या तोंडी गांधीजींचं नाव आणि खादी आली, कारण तोवर गावात काँग्रेसचे कार्यकर्ते पोचले होते. अंगात येणं आधीही होतंच, पिढ्यान् पिढ्या. या वेळी देवी जे बोलली ते लोकांच्या पोटात साचलेलं होतं. आणि मग काय झालं तेही बघा. काही काळाने गावं दुभंगली. देवीचं पाळत राहिले ते ‘वरजेला’, पुन्हा प्यायला लागले ते ‘सरजेला’. अंगातलं उतरल्यावर टिकवायला माणसं, भजनं, आश्रम लागले. जिथे ते होतं तिथे जास्त टिकलं.

त्यानंतर पंधरा-एक वर्षांनी तळोद्याकडे गुलाम महाराज झाले. त्यांच्या आरतीला हजारोंनी भिल्ल, पावरे जमायचे. दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्यांना सगळा मुलूख अरे-तुरे करत होता त्यांनी एकमेकांना आप म्हणायचं! तुमच्या पोराने सालदाराला खुर्ची दिली ती गोष्ट तुमच्याच डोंगराच्या पायथ्याशी ऐंशी-नव्वद वर्षं जुनी आहे. आणि १९७०च्या आसपासचं शहादा तर तुमच्या घरात वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं असणार. आदिवासी शेतमजुरांचे नेते अंबरसिंग सुरतवंती, मजुरांची श्रमिक संघटना, सालदारांच्या सालाची आणि सुट्टीची मागणी, मोर्चे. त्याच चळवळीतल्या बायांनी दारूच्या भट्ट्यांवर जाऊन मडकी फोडली. तुमचा पोरगा जी मागणी घेऊन आलाय ती जवळपास शब्दशः तीच आहे आणि ती करणाऱ्यांनी नशा फोडून केली होती, करून नव्हे. तेव्हा तुमच्या घराने कोणती बाजू घेतली हे मी विचारत नाही. तुम्हाला ठाऊक असेल.

म्हणून ‘विचार पोराचा की कागदाचा’ यात तुम्ही फार अडकू नका असं मला वाटतं. स्वप्नात आलेलं, तापात सुचलेलं, कीर्तनात ऐकलेलं, दारूत बरळलेलं, विचार कुठूनही येतो. आल्यावर तो शुद्धीत, उजेडात घासून बघायचा. चला, बघू. ९० हजार भागिले ३६५. रोजचे २४७ रुपयेसुद्धा होत नाहीत. पपई तोडायला रोजंदारीवर माणूस आणता, त्याला काय देता? आणि सालदार तर पहाटे मोटर चालू करायला आणि रात्री रानडुकरं हाकायलाही असतो. किमान वेतनाचा कायदा शेतमजुरीलाही लागू आहे, आजचा दर काय ते कामगार कार्यालयात विचारा. हा हिशोब करायला कोणताही कागद जिभेवर ठेवावा लागत नाही, वहीचा कागद पुरतो. हिशोबात पोराचं म्हणणं बरोबर निघालं तर साल वाढवा. तुम्ही हिशोबापुढे वाकलात असं होईल, त्यात काही लाज नाही.

पण पोराचीही थोडी झाडाझडती घ्यायला हवी. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य म्हणजे ‘तो बिचारा घामाघूम झाला’. सगळी माणसं एक आहेत हे पोराला दिसलं, पण समोरच्या एका माणसाला घाम फुटला तो दिसला का? हाताला धरून बसवण्याआधी त्याला कोणी विचारलं होतं? पोरगा सुट्टी संपली की पुण्याला. त्या खुर्चीचं काय करायचं, मालक मनात काय धरेल, आखाजीला साल मोडेल का, उचल परत मागतील का, ही धास्ती त्या माणसाच्या घरी राहिली. एकत्वाचा अनुभव फार गोड असतो असं घेणारे सांगतात. तो गोडवा आपल्यालाच मिळतो, बिल दुसऱ्याच्या नावावर फाटू नये एवढं बघायला पाहिजे. सालातल्या वाढीचे ३५ हजार कोण देणार हेही त्याला विचारा. पुण्याच्या पगारातून पहिल्या वर्षी निम्मे देतो म्हणाला, तर त्याचं बदलणं खरं आहे असं मी धरेन. आणि हातात फोन घेऊन ‘बाबा, सिस्टीम’ असं सुरू केलं तर अजून मुरायचंय म्हणा.

हे मी वरून बोलत नाही. १९८४ साली लग्न होऊन मी धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात आले, मानसशास्त्रात एम. ए. होऊन. सासऱ्यांच्या घरीही कप वेगळा होता. कान तुटलेला, मोरीच्या खिडकीत ठेवलेला. पहिल्याच दिवशी मला तो दिसला आणि चांगलंच टोचलं. त्यानंतर सात वर्षं तोच कप त्या खिडकीतून उचलून मीच चहा देत होते. सकाळी कॉलेजात समतेवर तास घ्यायचा आणि संध्याकाळी तो कप. मला कोणी कागद दिला नव्हता, सगळं लख्ख दिसत होतं, तरी सात वर्षं. शेवटी कप फुटला तो माझ्या हातून नव्हे, मांजराने पाडला. मग नवा वेगळा कप आणायचा की नाही यावर घरात बोलणं झालं, तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. तेव्हा तुमच्या पोराचा तीन रात्रींत डोळा उघडला म्हणून मी त्याला हसणार नाही. पण नुसतं दिसण्याचं कौतुकही मला राहिलेलं नाही.

आखाजीला पोराला सुट्टी काढून यायला सांगा. साल ठरवायला बसाल तेव्हा सालदाराच्या बायकोलाही बोलवा, तिचे हातही तुमच्या रानात राबतात आणि तिला कोणी विचारत नाही. आधी त्यांना बोलू द्या, पोराला गप्प बसायला सांगा आणि तुम्हीही गप्प बसा. त्यांना कदाचित पैशाआधी स्वतःच्या पोराच्या आश्रमशाळेचं काही हवं असेल, डोंगरातल्या घराला पत्रे हवे असतील, होळीला आठ दिवस गावी जायचं असेल. चार सुट्ट्या हव्यात की एकदम आठ दिवस, हे तेच सांगतील. बसायला सगळ्यांनाच खाली सतरंजी घाला, म्हणजे खुर्चीचा प्रश्न त्या दिवसापुरता तरी मिटेल. साल किती ठरलं ते मला कळवा.

मामाच्या फाइलीसाठी मात्र आखाजीपर्यंत थांबू नका. वहिनींना म्हणावं, आजच माहेरी फोन करा.